कुरोकामीची अर्धी कमान

फुनाबोरी

मार्चची सुट्टी जवळ आली की जपानातल्या आमच्या फुनाबोरीत मराठी बायकांच्या ग्रुपवर सहलीची चर्चा सुरू होते. बस कुणी ठरवायची, पुऱ्या कुणी लाटायच्या, शाकाहारी किती, जैन किती. त्या वर्षी मीही नावं देणार होते. सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचे गुडघे कुरकुरतात, जपानी येत नाही, तेव्हा चार मराठी माणसांच्या सोबतीनं गेलेलं बरं, असा माझा साधा हिशोब. मी फोन हातात घेतला आणि पलीकडे भाजी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या,

"मृदुला, माझं नाव नको देऊस. मला डोंगर बघायचाय. जिवंत."

जिवंत म्हणजे ज्वालामुखी. सासूबाईंनी सगळी हयात शाळेत भूगोल शिकवला. तांबड्या-पिवळ्या खडूंनी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढायच्या म्हणे, आणि त्यांचा वर्ग झाल्यावर पुढच्या सरांना फळा पुसवत नसे. हे मला समीरनं, माझ्या नवऱ्यानं, लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं. पण या बाईंनी खरा ज्वालामुखी कधीच पाहिलेला नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

निमित्त झालं आमच्या मुलीचं, ईराचं. ती इथल्याच जपानी शाळेत सहावीत आहे. शाळेच्या वाचनालयातून तिनं एक सचित्र पुस्तक आणलं होतं. त्यात दक्षिणेकडच्या कागोशिमा शहराचं मोठं चित्र होतं: बंदर, बोटी, आणि बंदरासमोर भर समुद्रात धूर सोडत उभा असलेला साकुराजिमा. त्याच पानाच्या कोपऱ्यात आणखी एक लहान फोटो होता. जपानी देवळांच्या दारात असते तशी दगडी कमान. पण तिचे खांब जमिनीत गेलेले, आणि फक्त माथा वर.

"आणि हेही बघायचं," सासूबाईंनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी समीरनं डोक्याला हात लावला. "आई, अगं तो चालू ज्वालामुखी आहे!"

"बंद असता तर कशाला गेले असते?"

समीरला ऑफिसमधून सुटी मिळणार नव्हती. ग्रुपच्या कुठल्याच सहली तितक्या लांब जात नव्हत्या. प्रवासी कंपन्यांच्या सहली पाहिल्या तर त्या डोंगर लांबून दाखवून पुढे निघायच्या. ती अर्धी कमान डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, कुरोकामी नावाच्या वस्तीत होती, आणि तिथे कुणीच नेत नव्हतं. मग आम्ही तिघींनीच जायचं ठरवलं, आजी, सून आणि नात.

स्वतः ठरवून हिंडायला कागोशिमासारखं दुसरं शहर नाही, हे मला हळूहळू कळलं. तिथे जायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. राहायची जागा बंदराजवळ घ्यावी. दारात ट्राम येते. समोरच्या डोंगराकडे जाणारी फेरीबोट रिक्षासारखी सारखी ये-जा करते, तिला आरक्षण लागत नाही. किनाऱ्यानं दक्षिणेला जाणारी एक छोटी रेल्वे आहे, तिनं इबुसुकीच्या गरम वाळूपर्यंत जाता येतं. अवघड आहे ते फक्त कुरोकामी. तिथल्या बस मोजक्याच असतात. मी वेळापत्रक फोनमध्ये साठवून ठेवलं आणि बेत फार चोख झाला म्हणून स्वतःवर खूश झाले.

सासूबाईंनी दशम्या केल्या, दाण्याची चटणी भरली. "तिकडं मासे सोडून काही खात असतील की नाही कोण जाणे," म्हणाल्या.

कागोशिमा

पहिल्या दिवशी डोंगर दिसलाच नाही.

हॉटेलच्या खोलीला मोठी काच होती आणि काचेपलीकडे नुसता कापूस. खाली बंदर, बंदरात पांढऱ्या बोटी, बोटींच्या पुढे थोडं करडं पाणी आणि मग ढग. आम्ही ट्रामनं हिंडलो. टेकडीवर चढून गेलो, तिथून म्हणे सगळ्यात सुंदर दिसतो. तिथे एक जपानी आजोबा गळ्यात कॅमेरा अडकवून बसले होते. आमच्याकडे पाहून त्यांनी ढगात बोट दाखवलं आणि खेदानं मान हलवली, जणू घरचं माणूस ऐन वेळी बाहेर गेलंय. सासूबाईंनीही त्यांच्याकडे पाहून तशीच मान हलवली.

डोंगर दिसत नसला तरी त्याचा संसार शहरभर मांडलेला होता. पायऱ्यांच्या कोपऱ्यात करडी भुकटी साचलेली. रस्त्याकडेला पिवळ्या पिशव्या रचलेल्या. ईरानं वाचून सांगितलं की त्या राखेच्या आहेत. घरासमोरची राख झाडून त्यात भरायची आणि ठरलेल्या जागी ठेवायची.

"राखेची पिशवी वेगळी?" सासूबाई थांबल्याच. फुनाबोरीत आल्यापासून जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, पुठ्ठे यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. "धन्य आहे या लोकांची. डोंगराचाही कचरा वेगळा काढतात."

"आजी, राखेला जपानीत हाय म्हणतात," ईरा म्हणाली. "आणि 'हो'ला पण हाय."

"म्हणजे डोंगर वर्षभर हो-हो म्हणत असतो म्हण की."

ईरा खो खो हसली. ती आजीशी बोलते, पण बहुतेक वेळा आजी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते, मधे मी. तिला मराठी समजतं सगळं. बोलताना मात्र शब्द अडकले की ती सोडून देते. सासूबाई कधी तक्रार करत नाहीत, पण उत्तर आलं की आधी नातीकडे आणि मग माझ्याकडे पाहतात, ते मला टोचतं.

जेवणाचं भय होतं तेवढं काही वाईट झालं नाही. इथली रताळी प्रसिद्ध. भाजलेलं रताळं उघडलं तर आत केशरी-पिवळा, मधासारखा ओला गर. सासूबाईंनी दोन खाल्ली आणि "आज चतुर्थी तर नाही ना?" असं विचारून तिसरं घेतलं. उदोन नावाच्या जाड शेवयांचा वाडगा मात्र मी एकटीनंच संपवला, कारण त्याचा रस्सा माशाचा असतो.

इबुसुकी

दुसऱ्या दिवशीही ढग होतेच, म्हणून आम्ही दक्षिणेला इबुसुकीला गेलो. तिथे समुद्रकाठची वाळू जमिनीखालच्या वाफेनं तापलेली असते. सुती झगा घालून आडवं व्हायचं आणि तिथल्या बायका फावड्यानं मानेपर्यंत वाळू लोटतात. सासूबाई आधी नको नको म्हणाल्या. मग ईरा झोपली, मी झोपले, तेव्हा त्याही झोपल्या.

वाळू जड असते. अंगावर कुणीतरी हळूहळू बसतंय असं वाटतं, आणि मग ऊब हाडांत शिरायला लागते. आपल्या नाडीचे ठोके वाळूतून परत आपल्यालाच ऐकू येतात. शेजारी लाटा. वर करडं आभाळ.

"आता नुसता हार घाला," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. ईराला विनोद कळला नाही, मला हसू आवरेना, आणि हसायचं तर छातीवर मणभर वाळू. फावडंवाल्या बाई काळजीनं वाकून विचारू लागल्या, गरम होतंय का? उठल्यावर सासूबाई दहा पावलं चालून गेल्या, वळल्या, परत आल्या. "गुडघा कुठाय ते कळत नाहीये," म्हणाल्या. ही त्यांची सर्वोच्च शाबासकी.

परतीच्या गाडीत आम्ही तिघी पेंगत होतो. गाडी अगदी समुद्राला चिकटून जाते. मला जाग आली ती सासूबाईंनी माझं मनगट धरल्यामुळे. मनगट तसंच घट्ट धरून त्या खिडकीकडे पाहत होत्या.

ढग वर उचलले गेले होते. आणि पाण्यापलीकडे, पाण्यातूनच उगवल्यासारखा, तो बसला होता. मी डोंगरांच्या मुलखातली आहे, आमचे डोंगर एकमेकांना धरून असतात. हा एकटा होता. पायथा थेट समुद्रात, खांदे हिरवे, आणि वर झाडाचं पानही नसलेला, घळींनी चिरलेला करडा-तपकिरी माथा. त्या माथ्यातून एक पांढरी रेघ सावकाश वर चढत होती, स्वयंपाकघरातून धूर निघावा इतकी सहज. घाई नाही, आवाज नाही. डब्यातली शाळकरी पोरं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. त्यांच्या खिडकीत तो रोजच येत असणार.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी मुलांना फारच लहान काढून दाखवला गं."

साकुराजिमा

तिसरा दिवस वसंत-संपाताचा, म्हणजे जपानात सुटीचा. हवा लख्ख. संध्याकाळचं परतीचं विमान होतं, त्यामुळे सामान स्टेशनवरच्या कपाटात ठेवून आम्ही सकाळीच फेरीबोट धरली. पंधरा मिनिटांचा प्रवास, पण बोटीच्या कठड्याशी उभं राहिलं की डोंगर क्षणाक्षणाला मोठा होत जातो. आधी खिडकीएवढा, मग भिंतीएवढा, मग बाकी काही उरतच नाही.

तिथून बस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळा लाव्हा गोठलेला आणि त्यावर पाइनची झाडं उगवलेली. अधूनमधून कडेला काँक्रीटच्या जाड छताचे आसरे, दगड पडू लागले तर शिरायला. सासूबाई सांगत होत्या, "हे पूर्वी बेट होतं. शंभरेक वर्षांपूर्वी एवढा लाव्हा आला, की मधली खाडी बुजली आणि पलीकडच्या भूमीला जोडलं गेलं. बघ ईरा, नकाशा बदलला एका डोंगरानं."

"सुगोइ," ईरा म्हणाली. भारीच म्हणजे. या वेळी मला मधे बोलावं लागलं नाही.

कुरोकामीला उतरणाऱ्या फक्त आम्हीच. वस्ती शांत, घरं उतरत्या छपरांची. कमान रस्त्याच्या जवळच आहे. फोटोत ती लहान दिसली होती; खरं सांगायचं तर समोरही ती लहानच दिसते, आणि त्यातच सगळं आहे. दोन आडव्या दगडी तुळया माझ्या कमरेच्या थोड्या वर. जिच्याखालून एक अख्खं गाव मान वर करून जात असेल, तिच्या माथ्यावर मी आता सहज हात ठेवू शकले असते. खाली पायांखाली पुरुषभर उंचीची राख, आणि त्या राखेत घरं, अंगणं, विहिरी. त्याच उद्रेकात, एका दिवसात.

ईरा पाटी वाचत होती. मी फोटो काढायला मागे सरकले, तेव्हा मला दिसलं की सासूबाईंनी बूट काढलेत. मोज्यांवर, राखाडी मातीत, कमानीपासून चांगल्या दहा-बारा हात अलीकडे त्या उभ्या होत्या.

"आई, इथे बूट काढायची गरज नसते," मी म्हटलं. "देऊळ पुढे आहे."

"असू दे."

"थंड लागेल."

"असू दे गं."

मी त्यांचे बूट उचलून हातात धरले.

परतीच्या बससाठी थांब्यावर आलो. ईरानं फलकाकडे पाहिलं, माझ्या फोनकडे पाहिलं, परत फलकाकडे. "ममा. हा रकाना कामाच्या दिवसांचा आहे. आज सुटी आहे."

सुटीच्या रकान्यात पुढची बस दुपार कलल्यावर होती. त्या बसनं गेलो तर विमानतळाची बस चुकणार, म्हणजे विमान चुकणार. मी टॅक्सीला फोन लावला. मोकळी गाडी नाही, म्हणाले. माझ्या चोख बेताचा असा निकाल लागत असतानाच डोंगर बोलला.

आवाज आधी पायांना कळला. मग कानांत धप्प झालं, वस्तीतल्या खिडक्यांची तावदानं एकदम थरथरली, आणि आम्ही तिघींनी वर पाहिलं. माथ्यातून करडा लोट बाहेर पडत होता. धूर मी पाहिला होता. हा धूर नव्हता. तो घट्ट होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, आणि आतून उकलत होता. एक गड्डा फुटून त्यातून दुसरा, त्यातून तिसरा, वर, आणखी वर, आपली मान मागे पडेपर्यंत. त्याच्या काळ्या पोटात एक बारीक वीज चमकून गेली. मला पळावंसं वाटलं आणि गुडघे टेकावेसे वाटले, दोन्ही एकाच वेळी. ईरानं माझी बाही पकडली होती. सासूबाईंनी हात जोडले नाहीत, नाव घेतलं नाही. चेहरा वर करून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मग वारा आमच्या बाजूला वळला. सूर्य तांब्यासारखा झाला आणि राख पडू लागली. आधी घाईनं उघडलेल्या छत्रीवर बारीक तडतड, मग ओठांवर, दातांत कचकच.

"ओइ! ओइ!" कुणीतरी हाक मारत होतं. रस्त्यापलीकडे एक लहानसं कब्रस्तान होतं. तिथल्या प्रत्येक थडग्यावर राख अडवायला छोटं छप्पर बांधलेलं. अशाच एका छपराखालून एक वृद्ध बाई हात हलवत होत्या. पाठीतून वाकलेल्या, डोक्याला रुमाल, हातात फुलं. आम्ही धावलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वर डोंगराकडे पाहिलं, आणि उरलेली फुलं शांतपणे फुलदाणीत लावली. मग काहीतरी म्हणाल्या.

"ममा, मला अर्धंच कळतंय," ईरा कुजबुजली. "गावाकडचं जपानी आहे. पण घरी चला म्हणतायत."

नाकामुरा-सान

त्यांचं नाव नाकामुरा, इथल्या रीतीनं आदरानं नाकामुरा-सान. घर चार पावलांवर होतं. दारात झाडू, तोही राख झाडायचाच. त्यांनी आम्हाला ओले रुमाल दिले, चहा केला आणि डब्यातून बोतामोची काढले. या दिवसांत जपानी लोक आपल्या मृत माणसांना भेटायला थडग्यांवर जातात आणि हा गोड पदार्थ करतात. सासूबाईंनी आत काय आहे ते विचारलं. आत भात, बाहेर लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, "पुरणच आहे हे. आमच्याकडं पितरांना हेच लागतं."

ईरानं ते सांगितलं. नाकामुरा-सान 'हो का, हो का' करत आणखी दोन वाढून मोकळ्या झाल्या.

मी आमची अडचण सांगितल्यावर त्यांनी लगेच भिंतीवरची गाडीची किल्ली काढली. आत्ता निघालो तर बंदरावर वेळेत पोचू, म्हणाल्या. आम्ही उठलोही. तेवढ्यात सासूबाईंनी ईराला थांबवलं.

"त्यांना विचार, ती कमान कुणी उकरून का नाही काढली?"

नाकामुरा-सान किल्ली हातात धरून पुन्हा खाली बसल्या.

त्यांच्या आजीनं तो दिवस पाहिला होता. तेव्हा ती लहान मुलगी होती. भावाला पाठीला बांधून ती होडीत बसली, आणि मागे वळून पाहिलं तर गाव होतं तिथे काळोख होता. माणसं परत आली तेव्हा घरं नव्हती. नुसता कमानीचा माथा. काही जण खणायला लागले. तर गावच्या प्रमुखानं अडवलं. उकरू नका, म्हणाला. पुढच्या पोरांना कळलं पाहिजे, खाली कोण आहे ते.

ईरा अडखळत सांगत होती. एखादं वाक्य नाकामुरा-सानांना दोनदा बोलायला लावत होती. सासूबाई ऐकत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"त्यांना सांग, माझंही गाव असंच आहे. पाण्याखाली."

मी चमकून पाहिलं. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. सासूबाईंचं माहेर कराडजवळच्या एका वसाहतीत, एवढंच मला ठाऊक होतं.

"धरणात गेलं," त्या म्हणाल्या.

"धरण म्हणजे?" ईरानं मला विचारलं.

"दामु," मी म्हटलं. जपानीतही इंग्रजी 'डॅम'च आहे.

नाकामुरा-सानांनी किल्ली चटईवर ठेवली.

कोयनेच्या काठचं तांबवाडी. पंचवीस-तीस घरं. सासूबाई दहा-अकरा वर्षांच्या असताना गाव उठलं. वडलांनी घराची दारं आणि चौकटी काढून बैलगाडीत घातल्या. देवीची मूर्ती माणसांनी खांद्यावर आणली. देऊळ तिथंच राहिलं, दगडाचं होतं. पुढं एका उन्हाळ्यात वडील त्यांना घेऊन गेले. पाणी खूप उतरलं होतं. देवळाचा कळस वर आला होता आणि त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

"मला वाटलं बाबा रडतील. ते रडले नाहीत. काठावर आले आणि त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, बाबा, इथं तर नुसता चिखल आहे. तर म्हणाले, अंगण इथून सुरू होतं."

ईरा जपानीत सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. 'वहाणा'ला तिला शब्द सापडेना. तिनं उठून दारातले आजीचे बूट उचलून दाखवले. नाकामुरा-सानांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बुटांपुढे मान लववली.

मी घड्याळाकडे पाहिलं. आत्ता निघालो तरच विमान मिळणार होतं. मी व्हरांड्यात जाऊन समीरला फोन लावला.

"समीर, आई बोलतायत. त्यांच्या गावाबद्दल."

"कुठल्या गावाबद्दल?"

"तांबवाडी."

तो म्हणाला, "मला कधी सांगितलं नाही तिनं. मी विचारलं, की म्हणायची, काय सांगायचं, पाणी आहे तिथं." पलीकडे त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मृदुला, विमान जाऊ दे. फोन बंद नको करूस. तसाच आत नेऊन ठेव."

मी फोन चटईवर ठेवला. बाहेर राख पडत होती, अगदी हलकी, पिठासारखी. नाकामुरा-सान विचारत होत्या, सासूबाई सांगत होत्या. कुणाच्या दारात आंबा होता, नदी कुठे वळायची, पाणी वाढताना आधी कुणाचं शेत गेलं. एकदा ईरा चुकली, तर सासूबाईंनी समजावलं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून बोलली. मी मधे एक शब्दही बोलले नाही.

फेरीबोट

नाकामुरा-सानांनी आम्हाला त्यांच्या लहानशा गाडीतून बंदरावर सोडलं. वाटभर काच पुसायचा दांडा राख लोटत होता. निरोप घेताना त्या आपल्या पद्धतीनं वाकल्या. सासूबाई आधी वाकल्या, मग त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली. इथे कुणी कुणाला अशी मिठी मारत नाही. नाकामुरा-सानांचे हात क्षणभर तसेच लोंबत राहिले. मग तेही सासूबाईंच्या पाठीवर आले.

बोट निघाली तेव्हा सूर्य शहराच्या बाजूला उतरत होता. सारा उजेड डोंगरावर पडला होता. करडा माथा तांबूस झाला होता, घळी जांभळ्या. राखेचा लोट आता पूर्वेकडे कलंडून लांब, पातळ पसरला होता, आणि त्याच्या कडा सोन्याच्या होत्या. बोटीवरचे लोक आत बसून उदोन खात होते. आम्ही तिघी कठड्याशी. कुणालाच आत जावंसं वाटेना.

"आजी," ईरा म्हणाली. मग थांबली. शब्द जुळवत होती ते दिसत होतं. "आपण तिथे जाऊ शकतो? तांबवाडीला? पाणी आहे तरी?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"होडी मिळते म्हणे काठावरच्या गावातून," त्या म्हणाल्या. "मी कधी गेले नाही. मे महिन्यात पाणी खाली असतं."

"मेमध्ये गोल्डन वीक आहे. मला सुटी."

"ऊन फार असतं."

"चालेल."

सासूबाई डोंगराकडे वळल्या आणि मोठ्यानं बेत करू लागल्या. कराडहून पहाटे निघायचं. पाटणला चहा. पुढं गाडीरस्ता संपेल तिथून होडी. भाकऱ्या घेऊन जायच्या, तिथं काही मिळत नाही. समीरलाही न्यायचं.

"पण आई," मी विचारलं, "नेमकी जागा सापडेल? वाट आठवते तुम्हाला?"

"वाट पाण्यात आहे गं," त्या म्हणाल्या. "पण डोंगर आहेत ना वर. डोंगर बघत बघत जायचं."